परसबागेसाठी घरचं कंपोस्ट : ढीग रचण्यापासून चाळणीपर्यंत

गेल्या आठवड्यात आमच्या परसातलं पहिलं कंपोस्ट चाळून झालं आणि भाजीच्या वाफ्यांत पडलंसुद्धा. सगळं मिळून पाचेक महिने गेले, त्यातले सुरुवातीचे काही आठवडे नुसते साहित्य जमवण्यात. हे करण्याआधी मी जे काही वाचलं, ऐकलं त्यात एक जण म्हणायचा रोज हलवा, दुसरा म्हणायचा हातच लावू नका, कुणी कुजवणाऱ्या जीवांचं कल्चर विकत घ्यायला सांगत होतं तर कुणी आंबट ताक ओतायला, आणि डोकं पार गरगरून गेलं होतं. म्हणून जे जसं घडलं तसं क्रमाने लिहून ठेवतेय. तुमच्यापैकी कुणी ओल्या कचऱ्याची बादली हातात घेऊन "आता हे कुठे टाकू" असं म्हणत उभं असेल तर उपयोग होईल.

आणि एक गोष्ट आधीच सांगते, कारण बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. कंपोस्ट म्हटलं की सगळे ओल्या कचऱ्याबद्दल विचारतात, साली टाकू का, चहाचा चोथा चालतो का वगैरे. ओला कचरा घरात आपोआप रोज तयार होतो, त्याची चिंता करायची गरजच नाही. कोरडा माल आधी जमवायला लागतो. वाळकी पानं, पुठ्ठा, भुसा, पेंढा. ज्याच्याकडे कोरडा साठा आहे त्याचं कंपोस्ट होतं, ज्याच्याकडे नाही त्याचा चिखल होतो आणि वास येतो, मग लोक कंटाळून सोडून देतात. मला हे सुरुवातीलाच एका बागकाम करणाऱ्या आजोबांनी सांगितलं होतं, "पोरी, आधी पानं साठव, मग बादली घे," आणि ते वाक्य मी शेवटपर्यंत धरून राहिले.

हा उद्योग कशासाठी, तर आमची माती. चिकट, वाळली की दगड आणि पाणी घातलं की वर तळं. भाजी लावली की रोपं जगायची पण वाढायची नाहीत. रासायनिक खत घालून झालं, त्याने पानं हिरवी होतात, माती होती तशीच राहते. कंपोस्टमध्ये नायट्रोजन तसा कमीच असतो, साधारण एक-दोन टक्के, आणि तोही सावकाश मिळतो, तेव्हा खताच्या गोणीशी त्याची तुलना करू नये. त्याचं खरं काम मातीच्या पोताचं आहे. चिकट माती मोकळी होते, रेताड माती पाणी धरायला लागते, आणि मातीतल्या जीवांना खायला मिळतं. मला तेच हवं होतं.

पद्धत ठरवण्यात बराच वेळ गेला. इंदूर पद्धत वाचली, अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड या शास्त्रज्ञांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला बसवलेली, थरांवर थर आणि ठरावीक अंतराने ढीग पलटायचा, साधारण तीन महिन्यांत खत. बंगलोर पद्धतीत खड्डा भरून झाकून टाकायचा, पलटणं नाही पण सहा ते आठ महिने थांबायचं. ना. दे. पांढरीपांडे यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून आलेली नाडेप पद्धत म्हणजे हवेसाठी भोकं ठेवलेली विटांची टाकी. गांडूळखत तर सगळ्यांना माहितीच आहे. आणि सगळ्यात सोपं म्हणजे कोपऱ्यात जमेल तसं टाकत राहायचं आणि वर्षभर विसरून जायचं, तेही शेवटी कुजतंच, त्याला थंड पद्धत म्हणतात. मी गरम ढीग निवडला, म्हणजे इंदूर पद्धतीचाच घरगुती अवतार, कारण मला तण आणि रोगट पानांची भीती होती आणि ढीग नीट तापला तर तणांचं बी आणि बरेचसे रोगजंतू मरतात. ज्यांना फावडं मारणं जमत नाही त्यांनी थंड पद्धत घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही, फक्त बी आलेलं तण त्यात टाकू नये.

जागा शोधताना चार गोष्टी बघितल्या. दुपारी सावली हवी म्हणजे ढीग सारखा वाळणार नाही, पाणी साचणारी जागा नको, नळाचा पाइप पोचायला हवा, आणि ढीग थेट मातीवर हवा म्हणजे खालून गांडुळं वर येतात आणि जास्तीचं पाणी मुरून जातं. घराच्या भिंतीला टेकवून करू नका, ओल चढते. उंदरांसाठी तळाला बारीक जाळी अंथरली, भोकं अर्ध्या इंचापेक्षा लहान, त्यातून गांडूळ येतं पण उंदीर येत नाही. बाजूंना जाड तारेच्या जाळीचं गोल कडं केलं, व्यास एक मीटरपेक्षा थोडा जास्त आणि उंची साधारण तेवढीच.

हा एक मीटरचा आकडा महत्त्वाचा आहे. ढीग तापतो तो आतल्या सूक्ष्मजीवांमुळे, आणि ढीग लहान असला तर तयार झालेली उष्णता बाजूंनी निघून जाते, टिकत नाही. म्हणून लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी निदान एक मीटर तरी हवी असं बहुतेक ठिकाणी सांगतात. छोट्या बादलीत किंवा कुंडीतही कंपोस्ट होतं, ते फक्त तापत नाही आणि वेळ जास्त घेतं.

काम सुरू करायच्या आधी शेजारच्या काकूंना जाऊन सांगून आले, कारण आमच्या आणि त्यांच्या परसात फक्त एक कुंपण. त्यांचा पहिला प्रश्न अर्थातच, "वास येईल का गं?" मी म्हटलं, काकू, वास आला तर लगेच मला हाक मारा, मी त्याच दिवशी काहीतरी करेन. हे आधी बोलून ठेवल्याचा पुढे फार उपयोग झाला. तुमच्याकडे सोसायटीचे किंवा नगरपालिकेचे कचऱ्याबद्दल काही नियम असतील तर तेही आधीच विचारून घ्या, ढीग रचल्यावर हलवणं म्हणजे दुप्पट मेहनत.

आता कोरड्या मालाबद्दल. पानगळ सुरू झाली तशी मी पोती घेऊन पानं गोळा करायला लागले. आधी आमच्या अंगणातली, मग काकूंच्या, मग गल्लीतल्या ज्यांच्या दारात झाडं आहेत त्यांची, लोक आनंदाने देतात कारण त्यांना ती जाळायची किंवा फेकायची असतात. कडेला पोत्यांची रांग लागली तेव्हा घरातून विचारणा झाली की आपल्याला एवढी खरंच लागणार आहेत का. लागली, सगळी लागली, शेवटी कमीच पडली. पानं आहेत तशी टाकली की एकमेकांना चिकटून ओले थर बनतात आणि त्यातून हवा जात नाही, म्हणून चुरायची. गवत कापायचं मशीन असेल तर पसरून त्यावरून फिरवा, माझ्याकडे नव्हतं, मी पोत्याचं तोंड बांधून वरून पायाने तुडवायचे, वाळकी पानं पटकन मोडतात. पुठ्ठ्याचे खोके असतील तर टेप आणि स्टिकर काढून, भिजवून, हाताने तुकडे करा. चकचकीत छपाईचे कागद घेतले नाहीत. सुताराकडून भुसा आणताना एक गोष्ट नक्की विचारा की तो साध्या लाकडाचाच आहे ना, प्लायवूडचा किंवा औषध मारलेल्या लाकडाचा भुसा भाजीच्या बागेत नको.

एवढा कोरडा माल का लागतो तर त्यामागे कार्बन आणि नायट्रोजनचा हिशोब आहे. कुजवणाऱ्या जीवांना ऊर्जेसाठी कार्बन लागतो आणि शरीर वाढवायला नायट्रोजन, आणि सुरुवातीच्या मिश्रणात एका भाग नायट्रोजनला २५ ते ३० भाग कार्बन असला की काम झपाट्याने होतं. भाजीपाल्याच्या कचऱ्यात हे प्रमाण १५-२० च्या आसपास असतं, ताज्या कापलेल्या गवतात आणि शेणातही साधारण तसंच, वाळक्या पानांत ४० ते ८०, पेंढ्यात ८० च्या जवळपास, आणि पुठ्ठा किंवा भुशात ते काही शेकड्यांत जातं. नायट्रोजन जास्त झाला की तो अमोनिया होऊन उडून जातो, नाकाला झोंबतो आणि खतातलं सत्त्व गेलं ते वेगळंच. कार्बन जास्त झाला तर बिघडत काहीच नाही, फक्त ढीग थंड पडून राहतो. मी तराजू घेऊन बसले नाही, एक बादली ओल्याला दोन ते तीन बादल्या चुरलेली पानं एवढंच पाळलं आणि तेवढं पुरलं. भुसा वापरला तर फार कमी घ्या, कारण त्यात कार्बन प्रचंड.

किचनमध्ये झाकणाची एक बादली ठेवली, तळाला मूठभर पानं, आणि प्रत्येक वेळी साली टाकल्या की वर पुन्हा मूठभर पानं, त्यामुळे बादलीत पाणी साचत नाही आणि चिलटंही कमी येतात. भिंतीवर एक कागद चिकटवला, काय टाकायचं आणि काय नाही, कारण घरात चार माणसं आणि प्रत्येकाचा वेगळा अंदाज. चालतं ते म्हणजे साली, देठं, खराब झालेली भाजी, चहा-कॉफीचा चोथा, कुस्करलेली अंड्याची टरफलं. टी बॅग असेल तर फाडून आतला चोथाच, कारण काही पिशव्यांत प्लॅस्टिक असतं. नाही चालत ते मांस, मासे, हाडं, दूध-दह्याचे पदार्थ, तेलकट उष्टं, कुत्र्या-मांजरांची विष्ठा. लिंबाची, संत्र्याची साल आणि कांदा टाकू नका असं फार जण सांगतात, मी बारीक कापून थोडं थोडं टाकत गेले, काही फरक पडला नाही. टरफलं मात्र शेवटपर्यंत तुकड्यातुकड्यांत दिसत राहतात, ती कुजायला फारच वेळ घेतात, त्यामुळे जितकी बारीक करता येतील तितकी करा.

बाहेरून आणलेल्या गवताबद्दल थोडं थांबून सांगते, कारण हे फार कमी लोक सांगतात. काही तणनाशकं अशी आहेत, क्लोपायरॅलिड आणि अमिनोपायरॅलिड ही त्यातली नावं, की ती कंपोस्टच्या उष्णतेतही मोडत नाहीत, फवारलेलं गवत किंवा पेंढा खाल्लेल्या जनावरांच्या शेणातूनही येतात, आणि मग टोमॅटो, घेवडा, वाटाणा यांची पानं वाकडीतिकडी होतात. म्हणून गवत, पेंढा, शेण कुठलंही आणताना फवारणी झाली होती का हे विचारायचंच. मी विचारलं, आणि एका ठिकाणी उत्तर नीट मिळालं नाही तर तिथलं घेतलंच नाही.

एका घराच्या किचनमधून एक घनमीटर माल एका दमात निघत नाही हे उघड आहे. त्यामुळे मी काही आठवडे बादलीतला कचरा पानांत मिसळून एका झाकणाच्या ड्रममध्ये साठवला, हवेसाठी ड्रमला भोकं पाडून घेतली होती. मग ज्या सुट्टीच्या दिवशी परसातलं गवत कापलं त्याच दिवशी एक पोतं शेण आणलं आणि सगळा ढीग एका दिवसात रचला. भाऊ मदतीला आला होता. सगळ्यात खाली बोटाएवढ्या जाडीच्या काटक्या, वितीपेक्षा थोडा कमी थर, त्यातून खालून हवा येत राहते. त्यावर पानं, मग ओलं, मग पानं, मग गवत आणि शेण, पुन्हा पानं, असं वरपर्यंत. प्रत्येक थरावर झारीने पाणी. सगळं भरून झाल्यावर पाणी घालायला जाऊ नका, पाणी वरून सरळ बाजूने निघून जातं आणि मध्ये कोरडंच राहतं, वाळकी पानं एकदा कोरडी राहिली की पाणी घेतच नाहीत.

ओल किती हवी हे हातानेच कळतं. मूठभर माल घेऊन घट्ट दाबायचा, पिळून काढलेल्या स्पंजासारखा लागला पाहिजे, म्हणजे ओलसर पण फार तर एखाद-दुसरा थेंब. आकड्यात ते ५० ते ६० टक्के पाणी. ही मुठीची टेस्ट मी प्रत्येक वेळी केली आणि पुढचे सगळे निर्णय तिच्यावरच घेतले.

कल्चर किंवा पावडर काही घातली नाही. कुजवणारे जीव पानांवर, मातीत, शेणात सगळीकडे असतातच, त्यांना हवा, ओल आणि खाणं मिळालं की ते कामाला लागतात. मनाच्या समाधानासाठी बागेतली दोन फावडी माती थरांमध्ये टाकली तेवढीच. चुनाही घातला नाही, कारण ढिगाचा आम्लपणा सुरुवातीला वाढतो आणि मग आपोआप कमी होतो, उलट चुन्याने नायट्रोजन अमोनिया होऊन उडतो. त्यामुळे पैसे गेले ते दोन प्रकारच्या जाळ्यांवर, चांगल्या दांड्याच्या पंजावर आणि लांब दांडीच्या थर्मामीटरवर, बाकी सगळं फुकटात. थर्मामीटर नसला तरी अडत नाही, लोखंडी सळई मध्यभागी खुपसून ठेवायची, दहा मिनिटांनी काढून हात लावायचा, हातात धरवत नसेल तर ढीग तापलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी थर्मामीटर खुपसला तर ४१ अंश. त्याच्या दुसऱ्या दिवशी ५४. मग ६२. मी खरं सांगते, मला इतका आनंद झाला की घरातल्या प्रत्येकाला मी ओढत परसात नेऊन आकडा दाखवला. नुसती पानं आणि साली, बाहेरून काही नाही, आणि आत हात घालवत नाही इतकी उष्णता! सकाळी वरचा थर बाजूला केला की वाफ दिसायची. पहिल्यांदा साध्या तापमानात वाढणारे जीव काम करतात, त्यांच्यामुळेच ढीग ४० च्या वर जातो, मग ते मागे पडतात आणि उष्णता आवडणारे पुढे येतात. ५५ अंशाच्या वर ढीग काही दिवस राहिला की रोगजंतू मरतात, तणांच्या बियांना त्याहून थोडं जास्त, ६० च्या आसपास लागतं. पण ७० कडे जायला लागला तर कुजवणारे जीवच मरायला लागतात, तेव्हा ६५ च्या पुढे काटा गेला की ढीग पलटायचा. अडचण एवढीच की हे तापमान मध्यभागी असतं, कडा थंड असतात, म्हणून पलटताना कडेचं आत आणि आतलं कडेला गेलं पाहिजे, नुसतं वरवर ढवळून भागत नाही.

पहिलं पलटणं आठवड्याभरात केलं. जाळीचं कडं सोडवून शेजारीच उभं केलं आणि पंजाने सगळं त्यात भरत गेलो. तासाभराचं काम आहे, कंबर भरून येते, दोघं असाल तर बरं पडतं. मधे नाकाला झोंबणारा वास आला, अमोनियाचाच, गवताचा जो जाड थर होता तिथे. तिथे गवत मोकळं केलं आणि पानं व थोडा भुसा मिसळला. दुसऱ्या दिवशी वास नव्हता आणि काटा पुन्हा ६० वर. गवत नेहमी पातळ पसरा, ते दाबून बसतं.

मग पाऊस आला, थांबतच नव्हता. वर गोणपाट होतं, त्यावर ताडपत्रीही टाकली, तरी वाऱ्याने एका बाजूने पाणी आत गेलं. पाऊस उघडल्यावर काकूंची हाक आली, "अगं, येतोय बरं का थोडासा." गेले तर खरंच कुजलेल्या अंड्यांचा वास, ढिगाची एक बाजू गच्च, दाबलं तर मुठीतून पाणी गळतंय. तापमान ३० च्या जवळ आलेलं. पोटात गोळा आला, वाटलं एवढी मेहनत गेली. पण त्या वासाचा अर्थ एवढाच असतो की आत हवा संपली आहे आणि हवेशिवाय जगणारे जीव कामाला लागलेत. त्याच संध्याकाळी ढीग पूर्ण उघडला, ओली बाजू पसरून ठेवली, आणि राखून ठेवलेल्या पोत्यांतली पानं आणि पुठ्ठ्याचे तुकडे मिसळत पुन्हा रचला. दोन दिवसांत वास गेला, तिसऱ्या दिवशी ५० च्या वर. काकू स्वतः येऊन सांगून गेल्या की आता काही नाही. ती पोती शिल्लक नसती तर त्या संध्याकाळी माझ्या हातात करण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून म्हणते, ढीग रचून झाल्यावरही दोन-तीन पोती पानं कोरड्या जागी राखून ठेवाच.

त्यानंतरचं सांगण्यासारखं कमी आहे. काटा ४० च्या खाली यायला लागला की पलटायचं, ओल बघायची, कोरडं वाटलं तर पलटतानाच पाणी शिंपडायचं. प्रत्येक वेळी काटा आधीपेक्षा थोडा कमी चढायचा. मधे आतल्या भागात राखाडी-पांढरी पावडर आणि बारीक धागे दिसले, भाऊ म्हणाला बुरशी लागली, सगळं गेलं. ते अॅक्टिनोमायसीट नावाचे जीवाणू, कठीण तंतू तेच मोडतात, आणि पावसानंतरच्या मातीचा जो वास आपल्याला आवडतो तोही त्यांच्यामुळेच. कडेला जाड करड्या अळ्याही झाल्या होत्या, बघून किळस येते, पण त्या ब्लॅक सोल्जर माशीच्या, चावत नाहीत, जिवंत झाडाला लागत नाहीत, आणि ओला कचरा झपाट्याने संपवतात. चिलटं आली की वर चार बोटं कोरड्या पानांचा थर द्यायचा, बस्स. नवीन साली या ढिगात टाकायच्या नाहीत हे मात्र कटाक्षाने पाळलं, रोजचा कचरा पुन्हा ड्रममध्ये, पुढच्या ढिगासाठी. एकाच ढिगात रोज भर घालत राहिलं तर तो कधीच पूर्ण तयार होत नाही, वरचं कच्चं आणि खालचं पक्कं.

दोनेक महिन्यांनी ढीग पलटूनही तापेना, उंची निम्म्याच्या खाली आलेली, रंग गडद, साली-पानं ओळखू येत नव्हती. मला वाटलं झालं. पण इथेच सगळ्यात जास्त धीर लागतो, कारण यापुढे ढीग नुसता मुरू द्यायचा असतो. या काळात पलटायचं नाही, फक्त ओल टिकवायची आणि झाकून ठेवायचं. गांडुळं याच वेळी आपोआप आत येतात, गरम ढिगात ती टिकत नाहीत. अर्धकच्चं कंपोस्ट मातीत गेलं तर कुजण्याचं उरलेलं काम तिथे चालू राहतं, त्यासाठी जीव मातीतला नायट्रोजन ओढून घेतात आणि रोपं पिवळी पडतात, शिवाय त्यातली काही आम्लं कोवळ्या मुळांना आणि उगवत्या बियांना त्रास देतात. काळं दिसलं म्हणजे पिकलं असं नाही.

म्हणून टेस्ट केल्या, दोन्ही घरच्या घरी होतात. मूठभर ओलसर कंपोस्ट झिपच्या पिशवीत हवा काढून बंद केलं आणि काही दिवस घरात ठेवलं. उघडल्यावर आंबट वास आला, म्हणजे अजून कच्चं. वाईट वाटलं, वाफे तयार होते, रोपं ट्रेमध्ये लांबत चालली होती. पण थांबले, आणखी तीनेक आठवडे. पुन्हा पिशवी भरली, या वेळी उघडल्यावर फक्त मातीचा वास. मग दोन कुंड्या घेतल्या, एकीत नेहमीची माती आणि दुसरीत तीच माती अर्धी व कंपोस्ट अर्धं, दोन्हींत मुळ्याचं सारखंच बी पेरलं, मुळा लवकर उगवतो म्हणून. दोन्हीकडे सारखं उगवलं आणि कंपोस्टच्या कुंडीतली पानं रुंद, गडद. तेव्हा कुठे चाळण काढली.

चाळायला लाकडी चौकटीला साधारण अर्ध्या इंचाची जाळी ठोकून घेतली, खाली घमेलं. तोंडाला मास्क लावा आणि माल किंचित ओलसर असतानाच चाळा, कंपोस्टच्या धुळीत बुरशीचे कण असतात, दमा असलेल्यांनी तर हे काम दुसऱ्याकडेच द्यावं. हातात ग्लोव्हज हवेतच, शेवटी साबणाने हात धुवायचे. पूर्ण भरलेल्या कड्यातून चाळलेलं निघालं ते साधारण एक तृतीयांश. एवढंच? असं घरच्यांनी विचारलं, पण घमेलं उचलल्यावर त्याचं वजन आणि त्याचा वास घेतला की तक्रार राहत नाही. वर राहिलेल्या काटक्या, टरफलं, न कुजलेले देठ हे सगळं नव्या ढिगात गेलं, त्यांच्याबरोबर जुने जीवही जातात.

वाफ्यांवर दोन बोटं जाडीचा थर पसरून वरच्या वीतभर मातीत मिसळला. जास्त घालायचा मोह झाला होता, पण जास्त घातल्याने फायदा वाढत नाही आणि क्षार साठू शकतात. रोपांच्या ट्रेसाठी एक भाग कंपोस्ट आणि तीन भाग माती-वाळू वगैरे असं मिश्रण केलं, नुसत्या कंपोस्टमध्ये बी पेरू नये. टोमॅटो आणि वांग्याच्या बुंध्याभोवती थोडं वरून घातलं, खोडाला चिकटू न देता. एका हंगामात माती बदलेल अशी अपेक्षा ठेवू नका. पण काल पाणी घातलं तर वर तळं साचलं नाही, पाणी आत गेलं, आणि खुरपं न अडकता चाललं. मला तेवढं पुरे.

उरलेलं कंपोस्ट पोत्यांत भरून सावलीत ठेवलंय. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत ठेवू नका, विणलेलं पोतं घ्या म्हणजे हवा लागते, आणि महिन्यातून एकदा हात घालून बघा, पार कोरडं झालं असेल तर थोडं पाणी शिंपडा. वर्षभराच्या आत वापरलेलं बरं, नंतर वाया जातं असं नाही पण पावसात उघडं राहिलं तर सत्त्व धुऊन जातं.